एकोणीस पावलं

१

दोष बाबांचा. डॉ. चंद्रशेखर ओगले, राहणार लीड्स, माझा आणि ईराचा बाप. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण आमच्या घरात असल्या गोष्टीचा निकाल लागत नाही. विषय निघाला की आई चहा टाकते, बाबा चष्मा पुसतात आणि दहा मिनिटांनी सगळे हवामानावर येतात.

बाबा पॅथॉलॉजिस्ट आहेत. रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा पातळ काप करून, रंगवून काचेवर येतो. तो मायक्रोस्कोपखाली बघून यात कॅन्सर आहे की नाही हे ते सांगतात. तेरा वर्षं या देशात, त्याआधी बारा पुण्यात. एवढ्या वर्षांत त्यांनी पेशंटचं तोंड पाहिलेलं नाही, गुलाबी आणि जांभळे ठिपके पाहिलेत. याचा त्यांना अभिमान आहे. तोंड फसवतं, सेल फसवत नाही, असं ते घरी आलेल्यांना ऐकवतात, आणि ती मंडळी श्रीखंडाची वाटी हातात धरून माना डोलावतात.

अशा माणसाला सरा आवडणारच. जॉर्ज सरा, एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार. त्याने रंग कालवायचं सोडून दिलं. शुद्ध रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवले आणि कालवायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर टाकलं. जवळून नुसती मोहरी सांडल्यासारखी दिसते. मागे सरकलं की नदी, गवत, छत्र्या, माणसं. बाबांच्या मते टीव्हीचा पडदा, पेपरातला फोटो, हातातला मोबाइल, सगळं त्याच्याच पोटातून आलंय. दर हाफ-टर्मच्या सुट्टीत ते आम्हाला लंडनच्या गॅलरीत न्यायचे. चित्राला नाक लावून उभं करायचे आणि मग मागे मागे चालत यायला लावायचे. कितव्या पावलाला माणूस दिसला? मी सांगायचो सात, बाबा म्हणायचे नीट मोज. ईरा तेव्हा लहान, ती बाकावरून उड्या मारत असायची.

मला ती चित्रं कधी आवडली नाहीत. त्यांतलं कुणी कुणाकडे बघत नाही. उन्हात बसलेत, पाण्याकाठी बसलेत, आणि कुणीतरी त्यांना ‘हलू नका’ सांगून निघून गेलंय.

२

बाबा स्वतः दर रविवारी दुपारी रंगवतात. वरणभात झाला की घराच्या मागच्या काचेच्या खोलीत, कॉन्झर्व्हेटरीत, इझल लावतात. त्यांचा पहिला बळी मी. सतरा वर्षांचा असताना सात रविवार बसलो, आठव्या रविवारी उठून गेलो. ते चित्र अजून गॅरेजमध्ये आहे. धड आहे, डोकं नाही. पुढे कार्डिफला मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षातून असाच उठून घरी आलो, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “अनय, सरा एकतीसला गेला. तोवर त्याने पेंटिंग बदलून टाकलं होतं. तू बावीसचा आहेस.” मी म्हणालो, म्हणजे मला नऊ वर्षं आहेत. आईने चहा टाकला.

मी बसलो नाही म्हणून ईरा बसली. हे मला कळतं. कुणी सांगायला नको.

ईरा सोळाची. गोलकीपर. एका जागी जेवतसुद्धा नाही, ताट घेऊन घरभर फिरते. ऑगस्टमध्ये तिला दुसऱ्या शहरातल्या एका मुलींच्या फुटबॉल अकादमीने घेतलं. राहणं तिथे, शाळा तिथे. अठराच्या आत असल्यामुळे फॉर्मवर बापाची सही हवी. बाबांनी फॉर्म वाचला, घडी घालून ब्रशांच्या डब्याखाली ठेवला आणि सांगितलं, दिवाळीपर्यंत रविवारी बस, चित्र पूर्ण झालं की सही. त्यांना वाटलं असणार, ही चार रविवारांत कंटाळेल आणि फॉर्म तिथेच पडून राहील.

ती बसली. वेताच्या खुर्चीत, डावा कान इझलकडे, हात मांडीवर. मी स्वयंपाकघरातून बघायचो. माझी बहीण सलग दोन तास हलली नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

३

आता तीट.

सप्टेंबरात एका दुपारी आई कॉन्झर्व्हेटरीत गेली, चित्राकडे बघत उभी राहिली, आणि डोळ्यातलं काजळ करंगळीवर घेऊन तिने चित्रातल्या ईराच्या कानामागे बारीकसा ठिपका लावला. आई जीपी आहे, इथली फॅमिली डॉक्टर. रोज चाळीस पेशंटना पुराव्यावर आधारित सल्ला देते. पण ईरा लहान असताना तिच्या कानामागेही ती हेच करायची, आणि माझ्याही. लेकरू फार चांगलं दिसायला लागलं की त्यात एक खोट ठेवायची, एवढंच.

बाबा भडकले नाहीत, ते भडकत नाहीत. आईला समजावत बसले की सराच्या पद्धतीत काळा रंग बसत नाही, निसर्गात काळा नसतोच, सावलीसुद्धा निळ्या-नारिंगीने करायची. “अलका, तू डॉक्टर आहेस ना?” असं म्हणून त्यांनी पातळ सुरीने तो ठिपका खरवडून काढला. काजळाखालचे रंगही निघाले. मसुराएवढा कोरा कॅनव्हास उघडा पडला. भरतो नंतर, म्हणाले.

आई काही बोलली नाही. बोलायला हवं होतं. ती कधीच बोलत नाही आणि याला घरात समजूतदारपणा म्हणतात.

पुढच्या बुधवारी नाश्त्याला ईराने फोन माझ्यापुढे टाकला. “दादा, हा बघ ना, स्टुपिड झालाय. माझा फेस घेतच नाही.”

मी बघितलं. ती फोन तोंडासमोर धरायची, फोन हलायचा, बंद व्हायचा. पासकोड मागायचा. मी म्हटलं, स्क्रीन घाण आहे. पुसली. तरी नाही. मग तिने चिडून तो माझ्या हातात दिला, “तू होल्ड कर,” म्हणाली आणि सिंकपाशी जाऊन उभी राहिली. तीन पावलांवर.

फोन लगेच उघडला.

४

जुना फोन आहे, कॅमेऱ्याचा फोकस गेला असेल. हे मी स्वतःला सांगितलं आणि ते पुरेसं होतं, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत.

त्या दिवशी ती डिशवॉशर रिकामा करत होती आणि मी तिच्या बाजूला कप लावत होतो. काहीतरी विचारायला मी तिच्याकडे वळलो. तिचं तोंड मला लागलं नाही. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. रंग होता. गव्हाळ, थोडा हिरवा, ओठांच्या जागी लाल, केसांच्या जागी निळं. बस सुटल्यावर खिडकीतून शेजारची भिंत दिसते तसं काहीतरी. ती बोलत होती, मॅचबद्दल, नेहमीच्या आवाजात. मी दोन पावलं मागे गेलो, मग अजून तीन, आणि फ्रिजला पाठ टेकली तेव्हा माझी बहीण तिथे उभी होती. नाक, भुवई, कांजण्यांचा व्रण, सगळं.

“व्हॉट?” ती म्हणाली.

मी म्हटलं, काही नाही.

चष्म्याच्या दुकानात दहा दिवसांनी वेळ मिळाली. तिथल्या बाईने डोळ्यांत हवा मारली, अक्षरं वाचायला लावली, बुबुळाचा फोटो काढला. “परफेक्ट आयसाइट, लव्ह,” म्हणाली. तिचं तोंड मला वीतभरावरून स्वच्छ दिसत होतं. पापण्यांचा मस्कारा एका ठिकाणी गोळा झाला होता, तोसुद्धा दिसत होता.

मी तीन वर्षं मेडिसिन शिकलोय. नसांचे, मेंदूचे, झोप न झाल्याचे, सगळे आजार आठवून बघितले. असा आजार नाही ज्यात फक्त एकच माणूस विस्कटतो.

५

घरी आलो तेव्हा आई दिवाणखान्यात ईराची वेणी घालत होती. ईरा खाली गालिच्यावर, आई मागे सोफ्यावर. मी दारातून पाहिलं. आईचे हात सराईतपणे चालले होते, तीन पेड, आत-बाहेर, आत-बाहेर. डोळे घट्ट मिटलेले होते. डुलकी लागल्यावर मिटतात तसे नाही. शांपूचा फेस जाऊ नये म्हणून आपण मिटतो तसे.

वेणी झाली, ईरा उठून चार ढांगांत पलीकडे गेली, आणि मगच आईने डोळे उघडले.

ईरा वर गेल्यावर मी आईला धरलं. कधीपासून माहीत आहे, विचारलं. आई म्हणाली, “तुझी डोळ्यांची चाचणी झाली ना? काय म्हणाले ते?” म्हणजे तिने स्वतःची केली होती. मग ती किटलीकडे वळली. मी किटलीचा प्लग काढला. ती तशीच पाठमोरी उभी राहून म्हणाली, चित्र संपलं की थांबेल बहुतेक. बहुतेक. एका डॉक्टरबाईचं निदान.

मी तडक कॉन्झर्व्हेटरीत गेलो. बाबा गुडघ्यावर बसून फरशीवर निळी चिकटपट्टी लावत होते. तेव्हा प्रथम मी त्या पट्ट्या नीट पाहिल्या. आमचं घर लांबट आहे. पुढचं दार, पॅसेज, स्वयंपाकघर, कॉन्झर्व्हेटरी, सगळी दारं उघडी टाकली की सरळ रेघ. पहिली पट्टी पुढच्या दाराशी होती. दुसरी पॅसेजमध्ये. तिसरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. प्रत्येकीवर तारीख. ताजी पट्टी इझलपासून नऊ पावलांवर.

बाबांचा चेहरा उजळला होता. मी मेडिसिन सोडल्यापासून पहिल्यांदा ते माझ्याशी नीट बोलले. सुरुवातीला हे चित्र दाराशी गेल्याशिवाय दिसत नव्हतं, म्हणाले, एकोणीस पावलं. आता बघ. दर रविवारी जवळून दिसतंय. ठिपके तेवढेच, तरी जवळून. “सरालाही हे जमलं नाही रे,” ते म्हणाले.

मी विचारलं, ईराकडे जवळून बघितलंत का इतक्यात?

“तिच्याकडेच तर बघतोय दोन महिने.”

इझलपासून वेताची खुर्ची बारा पावलांवर होती. आधी ती चार पावलांवर असायची. खुर्ची केव्हा, का मागे नेली, हे त्यांनी स्वतःला विचारलेलं दिसत नव्हतं.

शनिवारी मी मॅचला गेलो. पाऊस नव्हता, वारा होता. गोलजाळ्याच्या मागे उभा राहिलो आणि मागे मागे चालत गेलो, लहानपणी गॅलरीत चालायचो तसा. दहाव्या पावलाला ईरा दिसली. हातमोजे घालून, कमरेत वाकून, बॉलवर डोळा ठेवून.

चित्र नऊ. ईरा दहा. पुढच्या आठवड्यात चित्र पाच, ईरा चौदा. बेरीज दर वेळी तीच येत होती, आणि मी गणितात कच्चा असतो तर बरं झालं असतं.

६

दिवाळीच्या आठवड्यात मी ईराला बाहेर गाठलं, बसस्टॉपवर. ती बाकाच्या त्या टोकाला, मी रस्त्याच्या या बाजूला. आम्ही ओरडून बोललो, लोक बघत होते.

मी म्हटलं, शेवटच्या रविवारी बसू नकोस. ती म्हणाली, “एकच संडे राहिला, दादा. मग बाबा सही करणार. त्याने प्रॉमिस केलाय.”

“तुला कळतंय का काय होतंय ते?”

ती थोडा वेळ बुटाच्या टोकाने कठडा ठोकत राहिली. “ड्रायव्हर लोक बस थांबवत नाहीत कधी कधी. टीममध्ये सगळे माझ्यात येऊन बँग होतात. मी डम्ब नाहीये.” मग म्हणाली, “पण तू उठून गेला ना? मीपण जाणार आहे. माझा जाण्याचा हाच रस्ता आहे.”

बस आली आणि माझ्या-तिच्यामधून गेली. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठीही थांबली नाही.

शनिवारी सकाळी घरात कुणी नव्हतं. आई-बाबा मंडळाच्या फराळाला, ईरा सरावाला. मी आईच्या टेबलावरून काजळाची डबी घेतली. मी, ज्याने या सगळ्या प्रकाराला आयुष्यभर हसून घेतलं. बोटावर काजळ घेऊन कॉन्झर्व्हेटरीत गेलो.

चित्र मी महिनाभर जवळून पाहिलं नव्हतं. आता नाक लावलं तरी ठिपके दिसेनात. ईरा होती. गालावरची लव होती. खालच्या ओठाची फाटलेली साल होती, थंडीत तिची नेहमी फाटते. कानामागची ती मसुराएवढी जागा मात्र तशीच पांढरी, बाबांनी भरलीच नव्हती. बाहेर शेजाऱ्याचं पानं उडवायचं यंत्र घरघरत होतं. मी बोट तिथे टेकवलं.

कॅनव्हास ताणलेला असतो. बोट लावलं तर तो ढोलासारखा ताठ लागतो, हे मला माहीत आहे. हा दबला. कानामागे जसं दबतं, मऊ, आत हाड, तसा. आणि कोमट होता.

मी हात मागे घेतला. काजळ चित्राला लागलं नाही, माझ्या बोटालाच राहिलं. अजून एक सेकंद दाबायचं होतं फक्त. मी डबी तिथेच टाकून पुढच्या दारातून बाहेर पडलो आणि शेजाऱ्याचं यंत्र बंद होईपर्यंत फुटपाथवर उभा राहिलो. याचा दोष मी बाबांवर टाकत नाही. हा माझा.

७

रविवारी भाऊबीज होती. दुपारी शेवटची बैठक, म्हणून ओवाळणं सकाळी उरकायचं ठरलं.

आईने पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली. मला टोपी सापडेना म्हणून डोक्यावर रुमाल. पलीकडे बाबा कॅमेरा घेऊन उभे होते, बरेच मागे, पॅसेजमध्ये. ईरा तबक घेऊन आली. निरांजन, सुपारी, अंगठी, कुंकवाचा करंडा. ती एकोणीस पावलांवर होती तोवर मला सगळी दिसली. हिरवा कुर्ता, वर फुटबॉलचं जाकीट, घट्ट वेणी. आई माझ्या कानाशी पुटपुटली, “डोळे मीट, अनय.”

मी मिटले. पावलं जवळ आली. तुपाचा वास आला, ज्योतीची ऊब चेहऱ्यावरून एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली. मग तबक खाली ठेवल्याचा आवाज. तिचा श्वास ऐकू येत होता, सर्दी झाल्यासारखा. तिचं बोट माझ्या कपाळाला लागलं. बोट बोटासारखंच होतं. थोडं खरखरीत, हातमोज्यांमुळे.

भाऊबीजेला बहिणीने कुंकू लावताना डोळे मिटून बसलेला भाऊ मी कुठे पाहिलेला नाही. मला स्वतःची लाज वाटली. उघडले.

सगळं सांगत नाही. रंग होते, आणि ते एका जागी थांबलेले नव्हते. मुंग्या साखरेवर असतात तसे. त्यांच्यामधल्या फटींतून मागचं दिसत होतं. मागे पॅसेज असायला हवा होता, कॅमेरा घेतलेले बाबा असायला हवे होते. ते नव्हते. पांढरं होतं. ताणून ठेवलेल्या, अजून हात न लावलेल्या कॅनव्हासचं पांढरं, खूप आतपर्यंत. आणि त्या पांढऱ्यातून, कानामागच्या त्या मसुराएवढ्या जागेतून, कुणीतरी एक डोळा लावून माझ्याकडे बघत होतं. सरावाने बघतात तसं. मायक्रोस्कोपमधून बघतात तसं.

“दादा, तू बघितला,” ईरा म्हणाली. रागाने नाही.

तेवढ्यात कॅमेरा पडला. बाबा नेहमीप्रमाणे जवळून फोटो घ्यायला पुढे आले होते. दोन पावलांवर, मुलीच्या खांद्याशी. कॅमेऱ्यातून बघायची सवय असलेला माणूस. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते इतके जवळ आले होते.

त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तोंड उघडं, हात तसेच कॅमेरा धरल्यासारखे. मग ते मागे सरकायला लागले. भिंतीला हात लावत, पॅसेजमधून, चपलांवरून, पुढच्या दारापर्यंत. दाराशी पोचल्यावर थांबले आणि डोळे बारीक करून बघत राहिले. ईराने पाटापाशी उभं राहून त्यांना हात केला.

८

दुपारची बैठक झाली नाही. चित्र पूर्ण होतं, त्यात करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. कानामागची जागा भरायलाही त्यांनी ब्रश उचलला नाही. त्यांनी ब्रशांच्या डब्याखालचा फॉर्म काढला, पुढच्या दाराशी उभं राहून भिंतीवर टेकवून सही केली आणि जमिनीवरून सरकवून दिला.

चित्र आता कॉन्झर्व्हेटरीत भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. ते बघायला कुणी जात नाही. आई आठवड्यातून एकदा त्याच्या पाठीवरची धूळ पुसते, डोळे मिटून. मी आता एका गोदामात काम करतो, उभ्याने. ईरा अकादमीत आहे. चांगली खेळते म्हणतात. लांबून मारलेला बॉल तिच्याकडून सुटत नाही. ट्रेनरला वाटतं ती जरा अलिप्त आहे. फोन करते तेव्हा आवाज तोच असतो, चुका त्याच. “दादा, तू कधी येणार माझा मॅच बघायला?”

मी जातो. बाबाही येतात, ट्रेन बदलून, दर शनिवारी. इतर आईबाप कठड्याला रेलून ओरडत असतात. बाबा गोलजाळ्यामागे जातात, तिथून पाठ न वळवता मागे मागे चालत येतात, ओठ हलवत मोजत. मॅच संपली की सगळ्या मुली आपापल्या माणसांकडे धावतात. ईरा जाळ्यापाशीच थांबते आणि हात करते. बाबाही करतात.

ती एकोणीस पावलांवर आहे. त्याच्या आत त्यांना मुलगी नाही.